आधी मेंदू, की आधी पाय?

१/ १८ डिसेंबर १९१२. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या सभेत एका कवटीचे अवशेष मांडण्यात आले. हौशी संशोधक चार्ल्स डॉसन यांना ते ससेक्समधील पिल्टडाउन येथे सापडले होते. डोके माणसाचे, जबडा वानराचा! मानवाचा पूर्वज गवसला, असे अनेक विद्वानांनी मानले. ती कवटी बनावट होती, हे उघड व्हायला ४१ वर्षे लागली. इतका काळ का लागला, त्याची ही कथा.

२/ माणसाला इतर वानरांपासून वेगळी करणारी लक्षणे कोणती? दोन पायांवरची चाल, हातातील हत्यार, आखूड सुळे आणि मोठा मेंदू. डार्विन यांनी १८७१ मध्ये ही लक्षणे एका साखळीत गुंफली. माणूस ताठ उभा राहिला, हात मोकळे झाले, हातांत हत्यारे आली, मग मोठ्या सुळ्यांची गरज उरली नाही. आपले आदिम पूर्वज बहुधा आफ्रिकेत राहत असावेत, हेही त्यांनीच सुचवले.

३/ विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील अनेक शरीरशास्त्रज्ञांचा कल मात्र निराळा होता. आधी मेंदू वाढला, बाकीचे सारे मागाहून आले, अशी त्यांची धारणा. पिल्टडाउनची कवटी या धारणेत चपखल बसली. शिवाय ती इंग्लंडच्याच मातीत सापडली होती!

४/ १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथे चुनखडीच्या खाणीतून एका बालकाची कवटी मिळाली. जोहान्सबर्गचे प्राध्यापक रेमंड डार्ट यांनी ती अभ्यासली. मेंदू वानराएवढा, पण सुळे लहान. मज्जारज्जू ज्या छिद्रातून कवटीबाहेर पडतो, ते छिद्रही बरेच पुढे होते. याचा अर्थ, हे डोके ताठ कण्यावर तोललेले होते.

५/ फेब्रुवारी १९२५ मध्ये डार्ट यांनी ‘नेचर’मध्ये या जीवाला ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस हे नाव दिले. आर्थर कीथ यांच्यासारख्या मातब्बरांनी त्याला पूर्वजाचा मान नाकारला. एक आक्षेप रास्त होता: वानरांची पिल्लेही प्रौढांपेक्षा अधिक माणसासारखी दिसतात. पण खरी अडचण दुसरीच होती. टाउंगचे बालक खरे मानले, तर पिल्टडाउनचे काय करायचे?

६/ रॉबर्ट ब्रूम यांना १९३६ पासून प्रौढांचे अवशेष मिळत गेले आणि पारडे फिरले. १९४७ मध्ये कीथ यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली. १९५३ मध्ये रासायनिक व सूक्ष्म तपासणीत पिल्टडाउनचे बिंग फुटले. हाडे रंगवलेली, दात कानशीने घासलेले. जबडा तर ओरांगउटानचा ठरला.

७/ पुढचे पुरावे अधिकच बोलके आहेत. १९७४ मध्ये इथिओपियात ‘लूसी’ सापडली. वय सुमारे ३२ लाख वर्षे, दोन पायांवर चालणारी, पण मेंदू लहान. १९७८ मध्ये टांझानियातील लेतोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची पावले मिळाली. आजवर ज्ञात असलेली सर्वांत जुनी दगडी हत्यारे केनियातील आहेत, सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची. मेंदूची मोठी वाढ मात्र गेल्या २० लाख वर्षांतली.

८/ म्हणजे आधी पाय, मेंदू फार नंतर. डार्विन यांच्या साखळीचे पहिले टोक टिकले; पण चाल आणि हत्यार यांतील अंतर त्यांच्या कल्पनेपेक्षा बरेच मोठे निघाले.

९/ पण पूर्वज उभे का राहिले? जंगले आटली, गवताळ माळ पसरले, हे जुने उत्तर. ४४ लाख वर्षांपूर्वीच्या ‘आर्डी’ने त्याला धक्का दिला. तिच्या अभ्यासकांच्या मते ती झाडीत राहत होती, तरी जमिनीवर दोन पायांनी चालत होती. चालताना शक्ती कमी खर्च व्हावी म्हणून? अन्न वाहून नेण्यासाठी? उन्हाचा ताप टाळण्यासाठी? एकही उत्तर अद्याप सर्वमान्य नाही.

१०/ पिल्टडाउनची कवटी टिकली, कारण ती ऐकणाऱ्यांच्या मनातलेच बोलत होती. टाउंगचे बालक नको ते सांगत होते, म्हणून त्याला दोन दशके ताटकळावे लागले. तेव्हा मानवाच्या उत्क्रांतीचे एखादे सुबक उत्तर फार पटकन पटले, तर आधी विचारावे: हे हाड सांगते आहे, की आपला अहंकार?