विधिमंडळाची प्रशासकीय स्वायत्तता आणि धुळ्याचे विश्रामगृह
केंद्रीय कायदेमंडळास सरकारी खात्यापासून अलग सचिवालय असावे, हा अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांचा आग्रह १९२९ मध्ये फळास आला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १८७ ने राज्य विधिमंडळांनाही स्वतंत्र कर्मचारीवर्ग दिला. मुंबईत दिसणारी ही स्वायत्तता जिल्हा दौऱ्यात मात्र विरळ होते. अंदाज समिती ज्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा खर्च तपासते, त्याच विभागाच्या विश्रामगृहात ती उतरते! मे २०२५ मध्ये समितीच्या धुळे दौऱ्याच्या वेळी शासकीय विश्रामगृहातील एका खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपयांची रोकड आढळली. ती कोणाची, हा तपास यंत्रणेचा विषय होय. दौऱ्याची सरबराई कोणी व कोणत्या लेखाशीर्षातून करावी, हा प्रश्न मात्र सभागृहाच्याच अखत्यारीतील आहे.