बावीस खुर्च्यांतली एक



ग्रामसभेत पुढे खुर्च्या मांडलेल्या असतात आणि आपण बाया भिंतीकडेला सतरंजीवर बसतो, हे चित्र आपल्याला नवं नाही. आज आम्ही खुर्चीचीच एक गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट खरी आहे. ती दूरदेशीची आहे, पण फिरत फिरत आपल्या मुंबई-नागपुरापर्यंत येते.

बुद्धिबळाचा पट तुम्ही शाळेत किंवा देवळाच्या ओट्यावर पाहिला असेल. आपल्याकडे राजाशेजारी उभा असतो तो वजीर. युरोपात त्याच सोंगटीला राणी म्हणतात, आणि साऱ्या पटावर सगळ्यात जास्त ताकद तिचीच असते. गंमत बघा, पटावर राणी सगळ्यांत जबर, पण मोठ्या स्पर्धेत पटापाशी बसायचे ते सगळे पुरुष.

साल १९२९. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकिया देशात कार्ल्सबाद नावाचं गाव होतं. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ते प्रसिद्ध. आज त्याला कार्लोव्ही व्हारी म्हणतात. तिथे जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. ती निमंत्रितांची स्पर्धा होती. म्हणजे कोणीही उठून नाव नोंदवावं, असं नव्हतं. लग्नघरून आवतण यावं तसं बोलावणं आलं तरच बसायला मिळायचं. अशी बावीस जणांना बोलावणी गेली. प्रत्येकाने उरलेल्या एकवीस जणांशी एकेक डाव खेळायचा. जिंकला तर एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा.

त्यात क्यूबाचे माजी जगज्जेते कापाब्लांका होते, अमेरिकेचे मार्शल होते, पोलंडचे रुबिनस्टाईन होते. आणि त्या बावीस जणांत एकच बाई होती, तेवीस वर्षांची वेरा मेंचिक.

ही वेरा कोण? तिचा जन्म १९०६ सालचा, मॉस्को शहरातला. वडील चेक, आई इंग्रज. नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला बुद्धिबळ शिकवलं. पुढे रशियात क्रांती झाली, घरची सुबत्ता गेली, आईवडील वेगळे झाले. १९२१ साली आई वेराला आणि धाकट्या ओल्गाला घेऊन इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी, आपल्या माहेरी आली. वेरा पंधरा वर्षांची होती. तिला इंग्रजी धड येत नव्हतं. नव्या गावात बोलायचं कोणाशी आणि काय? बुद्धिबळ हा न बोलता खेळायचा खेळ, म्हणून भाषा न येणाऱ्या मुलीला तो बरा पडला, असं तिने पुढे सांगितलं आहे. लग्न होऊन परमुलखात गेलेल्या, तिथली बोली न कळणाऱ्या आपल्या लेकीबाळींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

हेस्टिंग्जच्या क्लबात तिला गेझा मारोत्सी नावाचे हंगेरीचे मोठे खेळाडू गुरू मिळाले. १९२७ साली लंडनला बायकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. वेराने अकरापैकी दहा डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि ती जगज्जेती झाली. १९२९ मध्ये इंग्लंडमधल्याच रॅम्सगेटच्या स्पर्धेत तिने रुबिनस्टाईन यांच्या बरोबरीने दुसरा नंबर काढला. पहिले आलेले कापाब्लांका तिच्यापुढे फक्त अर्ध्या गुणाने होते. त्याच वर्षी ती कार्ल्सबादच्या पटावर बसली.

तिचं नाव यादीत आहे हे पाहून काही जणांना हसू आलं. व्हिएन्नाचे अल्बर्ट बेकर म्हणाले की, आपण 'वेरा मेंचिक क्लब' काढू. जो या बाईकडून हरेल तो त्या क्लबाचा सभासद! सगळे हसले असतील. आणि मग बेकर यांचा डाव वेराशी पडला. वेरा जिंकली. क्लब काढणारेच पहिले सभासद झाले.

त्यानंतर जर्मनीचे झेमिश तिच्याकडून हरले. हे झेमिश साधे नव्हते. याच स्पर्धेत त्यांनी कापाब्लांका यांना हरवलं होतं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, आता वेरा पहिली आली असणार. तसं झालं नाही, आणि ते आम्ही तुमच्यापासून लपवणार नाही. एकवीस डावांपैकी वेराने दोन जिंकले, दोन बरोबरीत सोडवले आणि सतरा हरली. एकूण गुण तीन. बावीस जणांत तिचा नंबर बाविसावा. पहिले आले निम्झोविच, पंधरा गुण मिळवून.

आम्ही ही गोष्ट निवडली ती याचसाठी. जिंकलेल्या बाईची गोष्ट सगळे सांगतात. शेवटच्या नंबरावर आलेल्या पहिल्या बाईची कोण सांगणार? वेराच्या एकच पायरी वर इंग्लंडचे सर जॉर्ज थॉमस होते. त्यांचा नंबर एकविसावा. त्यावरून पुरुषांना बुद्धिबळ जमत नाही, असं कोणी म्हटलं नाही. पुरुष हरला की तो एकटा हरतो. बाई हरली की साऱ्या बायका हरल्या असं धरतात. पहिल्यांदा सरपंच झालेल्या, पहिल्यांदा रेशन दुकान चालवायला घेतलेल्या बायांना हे ठाऊक आहे. हिशोबात एक चूक झाली की लोक लगेच म्हणतात, 'बाईच्या हातात दिलं की असंच व्हायचं.'

वेरा सतरा डाव हरली, पण उठून गेली नाही. ठरलेले एकवीसही डाव खेळली. नंतरही बोलावणी येत राहिली आणि ती जात राहिली. हेस्टिंग्जला दरवर्षी नाताळच्या सुमाराला मोठी स्पर्धा भरायची. तिथे तिने हॉलंडच्या माक्स ऑयवे यांना लागोपाठ दोन वर्षं हरवलं. ऑयवे हे मुलींच्या शाळेत गणित शिकवणारे मास्तर. पुढे १९३५ मध्ये तेच जगज्जेते झाले. तिथेच तिने पंजाबच्या सुलतान खान यांनाही हरवलं. सुलतान खान हे सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी असलेले गृहस्थ. त्यांनी ब्रिटनचं अजिंक्यपद तीनदा मिळवलं. त्याच जमीनदाराच्या घरी काम करणारी फातिमा नावाची तरुणी १९३३ साली ब्रिटनमधली बायकांची विजेती झाली. नोकर म्हणून बोट चढलेली बाई पटावर मालकिणींच्या देशाला भारी ठरली, हेही लक्षात ठेवू या.

बायकांच्या जागतिक स्पर्धांत वेरा कोणाला आवरली नाही. १९२७ पासून १९३९ पर्यंत सात स्पर्धा झाल्या, सातही तिने जिंकल्या. त्यांतल्या त्र्याऐंशी डावांत ती हरली फक्त एक.

मग दुसरं महायुद्ध आलं. जून १९४४ मध्ये लंडनमधल्या तिच्या घरावर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला. वेरा, तिची बहीण ओल्गा आणि आई, तिघी एकदमच गेल्या. वेरा अडतीस वर्षांची होती. तेव्हाही जगज्जेती तीच होती.

गोष्ट इथे संपत नाही. आता आपण मुंबईला येऊ.

'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, तिघी बुद्धिबळात नावाजलेल्या. १९७६ साली धाकटी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली. वय वर्षं तेरा. एवढीशी मुलगी पुरुषांत कशी खेळते, म्हणून गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल मुलीच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ संघटनेनेही ठरवलं की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून बाईला बाई म्हणून अडवता येणार नाही. त्या वेळी संघटनेचे अध्यक्ष कोण होते? माक्स ऑयवे. वेराच्या क्लबाचे जुने सभासद!

वेराकडून हरले म्हणून त्यांनी असा निर्णय दिला, असं आम्ही म्हणणार नाही. पण बाई समोर बसून कशी खेळते, हे त्यांना ऐकीव माहितीवरून ठरवायचं नव्हतं. त्यांनी ते स्वतः अनुभवलं होतं.

आता शेवटचा धागा. १९५७ पासून बायकांच्या संघांची बुद्धिबळ ऑलिम्पियाड होते. जिंकणाऱ्या संघाला मिळणाऱ्या चषकाचं नाव आहे 'वेरा मेंचिक चषक'. सप्टेंबर २०२४ मध्ये हंगेरीतल्या बुडापेस्टला तो चषक पहिल्यांदा भारताच्या मुलींनी उचलला. हरिका, वैशाली, दिव्या, वंतिका आणि तानिया या त्या पाच जणी. त्यांतली दिव्या देशमुख आपल्या नागपूरची, तेव्हा अठरा वर्षांची. पुढच्याच वर्षी तिने बायकांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली.

ज्या नावाची चेष्टा करायला क्लब काढला होता, ते नाव आज चषकावर आहे. बेकर यांचं नाव मात्र आता लोकांना आठवतं ते बहुतेक याच एका थट्टेमुळे.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. तुमच्या गावात एखाद्या जागी पहिल्यांदा बसलेली बाई कोण, ते आठवा. ती हरली असेल, चुकली असेल, लोक हसलेही असतील. तिला बोलवा. तिची गोष्ट तिच्याच तोंडून ऐका. आणि ग्रामसभेत तुम्हाला खुर्ची मिळाली, तर पहिल्या दिवशी जिंकलंच पाहिजे असं मनावर ओझं घेऊ नका. एकवीस डाव आहेत. बसून राहा आणि खेळत राहा.