इंजिनाचा श्वास

आमच्या लहानपणी दिवाळीच्या पहाटे गावाला जाग येई ती फटाक्यांनी नव्हे, मळ्यातल्या इंजिनाच्या ठोक्यांनी. उसाला पाण्याची पाळी आली की सणवार कोण पाहतो? इंजिन किती तेल पिते याची चर्चा पारावर रोज चाले. ते हवा किती ओढते, हे मात्र कुणी विचारले नाही. वास्तविक तेलापेक्षा त्याला हवाच कितीतरी जास्त लागते.

कृष्णाकाठी ही यंत्रविद्या आली तिला आता शंभर वर्षे होऊन गेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानाच्या हद्दीतल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आधी लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे, पुढे पंप. तिकडे धनजीशा कूपर यांनी १९२२ साली सातारा रोडला कारखाना काढला आणि १९३० नंतरच्या दशकात तेथे डिझेल इंजिने होऊ लागली. हेच कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे मुख्य प्रधान झाले. ते मंत्रिमंडळ चार महिनेही टिकले नाही. इंजिने पुष्कळ टिकली! शंतनुराव किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना उभा केला, आणि हळूहळू विहिरीवरची मोट थांबली.

आता श्वासाकडे वळू. दट्ट्या खाली जातो, व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा आत ओढली जाते. त्या ओढीचा एक धक्का नळीतून ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला सुमारे ३४० मीटर, बाहेरच्या तोंडाकडे धावतो. तेथून तो उलटून दाबाची लाट होऊन परत येतो. व्हॉल्व्ह मिटण्याच्या जरा आधी ही लाट दाराशी पोचली, तर जाता जाता थोडी जास्त हवा आत कोंबते. हवा जास्त म्हणून तेल जास्त जाळता येते, म्हणून जोर जास्त. उशीर झाला तर दार बंद!

या जाण्यायेण्याला पाव फेऱ्याचा अवधी मिळतो असे ढोबळपणे धरू. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या मोटारीला नळी सुमारे ४२ सेंटिमीटर हवी. १,५०० फेऱ्यांना १.७ मीटर, आणि विहिरीवरच्या ६०० फेऱ्यांच्या इंजिनाला चार मीटरांहून लांब! पण आपले इंजिन गव्हर्नरच्या धाकात एकाच गतीने चाले. त्याला लाटेच्या खटाटोपाची गरज नव्हती. साधी आखूड नळी नि हवेची गाळणी, एवढ्यावर त्याचा संसार.

मोटारीचे तसे नाही. ती बाजारात रांगते, घाटात धापा टाकते, सडकेवर पळते. एका गतीला जुळवलेली नळी दुसऱ्या गतीला आडवी येते. अमेरिकेत क्रायसलर कंपनीने १९६० साली तीस इंच लांब नळ्या बसवल्या. मधल्या गतीला जोर वाढला, वरच्या गतीला दम कोंडला. म्हणून शर्यतीसाठी नळ्यांमधली आतली भिंत काही भाग काढून त्या जणू आखूड केल्या. पुढे नळीतच झडप आली: सावकाश चालताना हवा लांब वाटेने, पळताना जवळच्या वाटेने. १९९१ साली फ्रान्समधल्या ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जपानच्या माझदाने जिंकली. त्या गाडीच्या नळ्या दुर्बिणीसारख्या सरकून गतीप्रमाणे लांबआखूड होत. बासरीवाला बोटे उचलून हवेचा खांब छोटा करतो, तसेच हे.

आपल्याकडे श्वासाचा प्रश्न निराळाच होता, आणि जिवावरचा होता. पंप खालचे पाणी व्यवहारात वीस-पंचवीस फुटांपर्यंतच ओढतो. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की इंजिन विहिरीत उतरवून कपारीवर बसवावे लागे. मग त्याचा धूर आतच साचे. इंजिन तीच विटलेली हवा पुन्हा ओढी, ठोके जड होत, काळा धूर वाढे; आणि तेल घालायला खाली उतरलेल्या माणसाचे डोके गरगरे. न दिसणारा विषारी वायू हा यातला खरा वैरी. माणसे अशी गेलीही आहेत. जाणता शेतकरी धुराची नळी काठाच्या वर नेई, आणि इंजिन बंद करून, विहीर मोकळी होऊ देऊन, काठावर जोडीदार उभा करूनच पायरी उतरे. आमचे आजोबा तर वरून दोनदा हाक मारीत आणि खालून ओ आल्याशिवाय जागचे हलत नसत.