शरीरघटकांचे मापन (बलवर्धक व्यायाम)

शरीरघटकांचे मापन म्हणजे शरीराच्या एकूण वजनात मेद (चरबी) किती आणि स्नायू, अस्थी, पाणी इत्यादी मेदविरहित भाग किती, हे ठरविण्याची प्रक्रिया होय. व्यायामशाळांत यासाठी 'बॉडी कॉम्पोझिशन' हीच संज्ञा रूढ आहे. वजने उचलण्याचा किंवा अन्य बलवर्धक व्यायाम नव्याने सुरू करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत या मापनास विशेष महत्त्व आहे. अशा व्यक्तीच्या शरीरातील मेद कमी होत असतानाच स्नायू वाढू शकतात आणि त्यामुळे वजनकाटा जागचा हलत नाही. काटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडणारे किंवा आहार अनावश्यक कमी करणारे अनेक असतात. मात्र काट्याऐवजी वापरली जाणारी साधनेही निर्दोष नाहीत. आरंभीच्या दोन-तीन महिन्यांत होणारा बदल बहुधा या साधनांच्या त्रुटीएवढाच असतो.

इतिहास

उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारे गुणोत्तर बेल्जियन गणिती आदोल्फ केतले याने एकोणिसाव्या शतकात मांडले. १९७२ मध्ये अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यास 'बॉडी मास इंडेक्स' (बीएमआय) हे नाव दिले. हे गुणोत्तर काढणे सोपे आहे, परंतु वजन कशाचे आहे हे त्यातून कळत नाही.

ही उणीव दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ठळकपणे पुढे आली. अमेरिकी नौदलातील वैद्य अल्बर्ट बेन्के याने पंचवीस व्यावसायिक फुटबॉलपटूंची (अर्थात अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांची) तपासणी केली. उंची-वजनाच्या प्रचलित तक्त्यांनुसार त्यांपैकी सतरा जण अतिवजनामुळे लष्करी सेवेस अपात्र ठरत होते. बेन्केने त्यांचे वजन हवेत आणि पाण्याखाली अशा दोन्ही ठिकाणी केले. त्यावरून काढलेली शरीराची घनता बहुतेकांच्या बाबतीत जास्त भरली, म्हणजेच त्यांच्या अंगी मेद कमी आणि स्नायू अधिक होते. हे निष्कर्ष १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाण्याखालील वजनाची ही पद्धत आर्किमिडीजच्या तत्त्वावर आधारलेली आहे.

घनतेवरून मेदाचे प्रमाण काढण्याचे सर्वपरिचित सूत्र विल्यम सिरी याने १९६१ मध्ये दिले. ४९५ ला घनतेने भागून आलेल्या संख्येतून ४५० वजा केले, की मेदाची टक्केवारी मिळते. (हा सिरी गिर्यारोहकही होता आणि १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेचा उपनेता होता.) मेदाची घनता ०.९० आणि मेदविरहित भागाची १.१० ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते, हे या सूत्राचे गृहीतक आहे. यांपैकी दुसरा आकडा मोजक्या मृतदेहांच्या विश्लेषणावर आधारलेला असून तो वय, वंश आणि व्यायामाची सवय यांनुसार थोडाफार बदलतो. शरीरातील मेद थेट मोजण्याचा मार्ग म्हणजे शवविच्छेदन. जिवंत व्यक्तीच्या बाबतीत मिळणारा प्रत्येक आकडा हा अखेर अनुमानच असतो.

बीएमआयची मर्यादा आणि पुण्याचे उदाहरण

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. डेक्सा यंत्रावर तपासले असता युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के मेद आढळला. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हा 'वाय-वाय विरोधाभास' म्हणून ओळखला जातो. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांतही मेद अधिक व स्नायू कमी असू शकतात, हे त्यातून लक्षात येते. अशा व्यक्तीस वजन घटविण्यापेक्षा स्नायू वाढविण्याची गरज अधिक असते आणि तिची प्रगती वजनकाट्यावर उतरण्याऐवजी चढताना दिसू शकते.

नवशिक्यांमध्ये होणारे बदल

व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत ताकद वेगाने वाढते, पण ती मुख्यतः स्नायूंच्या वाढीमुळे नव्हे. मेंदू व मज्जासंस्था आहे त्याच स्नायूंतील अधिक तंतू कामाला लावण्यास शिकतात. मोरितानी आणि डीव्रीस यांनी १९७९ मध्ये हे दाखवून दिले. स्नायूंच्या जाडीचा वाटा त्यानंतरच्या आठवड्यांत वाढत जातो.

याच काळात शरीरातील पाण्याचे प्रमाणही बदलते. अनभ्यस्त स्नायूंना सूज येते, त्यामुळे दंडाचा किंवा मांडीचा घेर वाढल्यासारखा वाटतो. स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा वाढतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. क्रिएटिन हे पूरक द्रव्य घेणाऱ्यांचे वजन केवळ पाण्यामुळे एखाद्या किलोने सहज वाढते. बहुतेक पद्धती हे सर्व पाणी मेदविरहित भागात धरतात. म्हणून पहिल्या महिन्यात यंत्राने दाखविलेली 'स्नायूवाढ' ही पुष्कळदा पाण्याची वाढ असते.

त्रुटीचा हिशेब

मापनातील अडचण एका उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, एका व्यक्तीचे वजन ७० किलो असून त्यात २५ टक्के, म्हणजे १७.५ किलो मेद आहे. तीन महिन्यांत दोन किलो मेद घटला आणि मेदविरहित भाग तेवढाच वाढला. नवशिक्यासाठी ही उत्तम प्रगती होय. वजन अद्याप ७० किलोच आहे, मेदाचे प्रमाण मात्र सुमारे २२ टक्क्यांवर आले आहे. वर दिलेल्या घनता वापरल्यास शरीराचे आकारमान आधी ६७.१७ लिटर आणि नंतर ६६.७७ लिटर येते. तीन महिन्यांच्या मेहनतीने पडलेला फरक अवघा ०.४ लिटर आहे. पाण्याखाली वजन करताना पूर्ण उच्छ्वासानंतरही फुप्फुसांत एक ते दीड लिटर हवा उरते आणि तिचे प्रमाण वेगळे मोजून वजा करावे लागते. त्या मोजणीत २०० मिलिलिटरची चूक झाली, तरी निम्मा बदल नाहीसा होतो किंवा दीडपट भासतो.

प्रमुख पद्धती

डेक्सा पद्धतीत दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून पाठवून अस्थी, मेद आणि अन्य मऊ ऊती यांचे प्रमाण काढतात. किरणोत्सर्गाची मात्रा अत्यल्प असली तरी गर्भवतींनी ही तपासणी टाळावी. अचूकतेच्या दृष्टीने व्यवहारात ही पद्धत चांगली मानली जाते, परंतु तपासणीपूर्वी प्यालेले अर्धा लिटर पाणी याही यंत्रात मेदविरहित भाग म्हणूनच मोजले जाते. एका कंपनीच्या यंत्रावरील आकड्यांची तुलना दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरील आकड्यांशी करता येत नाही.

व्यायामशाळांत आणि घरोघरी आढळणारे काटे जैवविद्युत रोधावर चालतात. शरीरातून क्षीण विद्युतप्रवाह सोडला जातो. पाणी असलेल्या ऊती तो सहज वाहू देतात, मेद त्यास अडथळा करतो. यंत्र प्रत्यक्षात मोजते तो केवळ हा विरोध. पुढचे सर्व आकडे उंची, वजन, वय व लिंग यांची भर घालून सूत्राने काढलेले असतात. केवळ पायाखाली पट्ट्या असलेल्या काट्यात प्रवाह मुख्यतः पायांतून आणि धडाच्या खालच्या भागातून जातो, हात व छाती यांबद्दल यंत्र अंदाजच करते. काही काट्यांवर 'खेळाडू' हा पर्याय निवडताच त्याच व्यक्तीचा मेद क्षणात काही टक्क्यांनी उतरतो. या यंत्रांवर कितपत विसंबावे, हे त्यावरून समजावे. घाम, जेवण, अपुरे पाणी आणि नुकताच केलेला व्यायाम यांनीही आकडा बदलतो. हृदयात पेसमेकर बसविलेल्यांनी हे काटे वापरू नयेत.

कॅलिपर नावाच्या चिमट्याने त्वचेच्या घडीची जाडी मोजण्याची पद्धत स्वस्त आहे. डर्निन व वोमर्स्ली यांची चार ठिकाणांची पद्धत (१९७४) आणि जॅक्सन व पोलॉक यांची सूत्रे (१९७८, १९८०) प्रसिद्ध आहेत. मोजणारा बदलला की माप बदलते, हा या पद्धतीचा मुख्य दोष होय. एकाच अनुभवी हाताने मोजल्यास मात्र प्रगती समजण्यास ती उपयुक्त ठरते. अशा वेळी सूत्राने टक्केवारी काढण्यापेक्षा सर्व घड्यांच्या मिलिमीटरमधील बेरजेचीच नोंद ठेवणे श्रेयस्कर. सूत्राची चूक त्यामुळे टळते.

याखेरीज हवेच्या विस्थापनाने आकारमान मोजणारी बंदिस्त कोठी, एमआरआय आणि सीटी स्कॅन यांचा उपयोग प्रामुख्याने संशोधनात होतो.

नोंदीची पद्धत

वजन सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी आणि सारख्याच कपड्यांत करावे. रोजच्या आकड्यापेक्षा आठवड्याची सरासरी पाहावी. मासिक पाळीच्या सुमारास पाणी साचून वजन वाढू शकते, म्हणून स्त्रियांनी तुलना चक्राच्या त्याच टप्प्यातील नोंदींशी करावी. कमरेचा घेर शेवटची बरगडी आणि नितंबास्थीचा वरचा काठ यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर मोजतात. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते. वजन स्थिर, कमर कमी आणि उचलता येणारा भार वाढता, अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर मेद घटून स्नायू वाढत असल्याचे अनुमान घरच्या मोजपट्टीवरूनही पुरेशा विश्वासाने करता येते. डेक्सा करावयाचीच असेल तर ती त्याच यंत्रावर आणि किमान तीन महिन्यांच्या अंतराने करावी. त्याहून कमी अंतरात दिसणारा फरक बहुधा यंत्राच्या त्रुटीपासून वेगळा ओळखता येत नाही.