पाण्यावरचा हक्क, निर्णयावरचा हक्क

हवामानबदलाचा प्रश्न आता शहरांच्या दारात येऊन ठेपला आहे. उन्हाळा अधिक कडक होतो आहे, पावसाचा भरवसा राहिलेला नाही. यावरची धोरणे नागरिकांच्या सहभागाने ठरवावीत, असे शासनही म्हणू लागले आहे. ही भाषा स्वागतार्हच आहे. परंतु सहभाग म्हणजे नुसते मत विचारणे, की निर्णयाचा अधिकार देणे? दलित समाजाला या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने फार पूर्वीच शिकविले आहे, आणि तेही पाण्याच्या काठावर.

औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, इतिहास पाण्याशी बांधलेला आहे. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या हबशी मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली आणि जमिनीखालच्या नहरीने तिला पाणी पुरविले. एका गुलामाच्या कर्तृत्वाने पाणी आले. पण पाण्यावरची माणसांची उतरंड त्यामुळे मोडली नाही. १९३४ मध्ये शहराजवळच्या दौलताबाद किल्ल्यावर बाबासाहेबांच्या काही सहकाऱ्यांनी प्रवासाची धूळ हौदाच्या पाण्याने धुतली, तेव्हा हौद बाटविला म्हणून जमाव त्यांच्यावर धावून आला. अखेर किल्ला पाहू दिला तो पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन!

महाडचा धडा याहून बोलका आहे. तेथील नगरपालिकेने १९२४ मध्येच चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला होता. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी लोकांनी तळ्याचे पाणी घेतले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे न्यायालयाची लढाई १९३७ पर्यंत चालली. ज्यांच्या तहानेचा प्रश्न होता त्यांच्या हाती सभागृहाची सत्ता नव्हती. म्हणून दिलेला हक्क सहज काढून घेता आला. कृपेने मिळालेला ठराव आणि सत्तेने मिळविलेला हक्क यांतला हा फरक आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले, पण किती? जायकवाडीचे धरण हाकेच्या अंतरावर असूनही या शहरात नळाला अनेक दिवसांच्या खंडाने पाणी येत राहिले. २०१४ मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपनीच्या हाती गेला. लोकांचा विरोध वाढला आणि २०१६ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने करार रद्द करण्याचा ठराव केला. निवडून दिलेले सभागृह होते म्हणून त्याच्यावर लोकांना दबाव आणता आला. पण एप्रिल २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. त्याच काळात, डिसेंबर २०२० मध्ये, १६८० कोटींच्या नव्या पाणीयोजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च २७४० कोटींवर गेला. या खर्चाचा जाब लोकांनी कोणत्या सभागृहात विचारायचा होता?

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने सभागृह पुन्हा भरले आहे. परंतु पाच वर्षांतून एकदा मत देणे म्हणजे सहभाग नव्हे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. त्या वस्तीपर्यंत पोहोचल्या का? ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे या शहरात १९८९ पासून मोहल्ल्यांच्या सभांनी अंदाजपत्रकातील कामांचा अग्रक्रम ठरविला आणि गरीब वस्त्यांना अधिक वजन दिले. पुण्यातही २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेतल्या जाऊ लागल्या. मात्र सूचना करणारा निर्णय करणारा होत नाही.

हवामानाचे संकट सर्वांवर सारखे येत नाही. पत्र्याच्या घरात राहणारे कुटुंब, मजूर अड्ड्यावर उन्हात उभा असलेला मजूर, गटारात उतरणारा सफाई कामगार, टँकरची वाट पाहत ड्रम मांडून बसलेली बाई, यांना हे संकट आधी गाठते. सावली कोठे, पाणी कोणाला आधी, नाल्याकाठची घरे हलवायची तर कोठे, हे त्यांच्या वस्तीच्या सभेत ठरले पाहिजे आणि तो ठराव महापालिकेवर बंधनकारक असला पाहिजे. नाहीतर हवामान-न्याय हाही १९२४ च्या महाडच्या ठरावासारखा कागदच ठरेल. आणि कागदाने तहान भागत नाही, हे आपल्या लोकांना कोणी नव्याने सांगायला नको.