उन्हात काळा होणारा चष्मा कामावर चालेल का?

लासलगावच्या बाजार समितीत उन्हातून शेडमध्ये आणि शेडमधून पुन्हा उन्हात अशा तुमच्या दिवसभर फेऱ्या होतात. अशा वेळी उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा घ्यावासा वाटणारच.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत विल्यम आर्मिस्टेड आणि डोनाल्ड स्टुकी यांनी चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक असलेली काच तयार केली. अतिनील किरण पडले की ती काळवंडे, सावलीत पुन्हा उजळे. पण हा शोध डोळे दिपू नयेत म्हणून होता, उडणाऱ्या तुकड्यांसाठी नव्हे. शिवाय काच फुटण्याची भीती होतीच. १९९० च्या सुमारास ही युक्ती प्लास्टिकच्या भिंगांत जमली. म्हणून कामासाठी पॉलिकार्बोनेटचं भिंग, बाजूने झाकलेली फ्रेम आणि 'आयएस ५९८३' हा शिक्का बघा. नुसतं 'फोटोक्रोमिक' लिहिलेलं पुरत नाही.

भिंग काळं पटकन होतं, उजळायला मात्र काही मिनिटं घेतं. अंधाऱ्या गोदामात शिरताना तेवढा वेळ थांबा, पायरी दिसत नाही. ट्रकच्या केबिनमध्ये ते फारसं काळं होत नाही, कारण समोरची काच अतिनील किरण अडवते. कडक उन्हाळ्यातही ते कमीच काळवंडतं.

वेल्डिंगला हा चष्मा अजिबात वापरू नका.