ट्राय, हॅट्ट्रिक आणि फुल हाऊस

‘एकदा ट्राय मारून बघ’ हे वाक्य मराठी घरात आणि कट्ट्यावर रोज कुठे ना कुठे ऐकू येतं. त्यात ‘ट्राय’ म्हणजे प्रयत्न. जमेल किंवा फसेल. रग्बीत मात्र ‘ट्राय’ म्हणजे जमलेली गोष्ट. प्रतिस्पर्ध्याची गोलरेषा ओलांडून खेळाडूने चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय झाला, आणि आजच्या नियमानुसार संघाच्या खात्यात 5 गुण पडले. सर्वांत मोठ्या यशाला ‘प्रयत्न’ हे नाव का पडलं असावं? याचं उत्तर शोधू लागलं की एकाच खेळाडूने एका सामन्यात केलेल्या पराक्रमांचा सगळा शब्दसंग्रहच उलगडू लागतो.

इंग्रजीतल्या ‘ट्राय’चं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे. ‘त्रिए’ म्हणजे चाळणं, निवडून वेगळं काढणं. पुढे त्याला पारखण्याचा अर्थ चिकटला, न्यायालयातल्या खटल्याचा चिकटला आणि शेवटी प्रयत्न करण्याचा. इंग्लंडमधल्या रग्बी नावाच्या शाळेच्या मैदानावर हा खेळ आकार घेत होता, तेव्हा चेंडू घेऊन गोलरेषेपलीकडे जाण्याला स्वतःची काहीच किंमत नव्हती. त्यातून फक्त एक हक्क मिळे: दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून चेंडू मारून गोल करण्याचा प्रयत्न करता येई. तो हक्क म्हणजे ट्राय. खरी कमाई त्यानंतरच्या लाथेची. त्या लाथेला आजही ‘कन्व्हर्जन’ म्हणतात, कारण तिने प्रयत्नाचं गोलात रूपांतर होई. ती लाथ आजही चेंडू जिथे टेकवला त्या ठिकाणाच्या सरळ रेषेतूनच मारावी लागते.

27 मार्च 1871 रोजी एडिंबरातल्या रेबर्न प्लेसच्या मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. प्रत्येक बाजूला वीस खेळाडू होते. त्या वर्षीचा नियम स्पष्ट होता: निकाल लागेल तो केवळ गोलांच्या संख्येवर. स्कॉटलंडच्या अँगस ब्युकॅननने चेंडू टेकवला आणि विल्यम क्रॉसने लाथ मारून त्याचा गोल केला. इंग्लंडकडून रेजिनाल्ड बर्केटनेही चेंडू टेकवला, पण त्यापुढची लाथ चुकली. बर्केट हा इंग्लंडचा पहिला आंतरराष्ट्रीय ट्राय करणारा खेळाडू म्हणून इतिहासात राहिला. त्या दिवशीच्या हिशेबात मात्र त्याच्या धावेची किंमत शून्य होती. स्कॉटलंड एका गोलावर जिंकला.

नियम बदलत गेले आणि शब्द तसाच राहिला. ट्रायला गुण मिळू लागले, ते वाढत गेले. 1893 पासून ट्रायचे 3 गुण झाले, 1971 मध्ये 4 आणि 1992 मध्ये 5. कन्व्हर्जनचे गुण 2 वरच थांबले. एके काळी लाथ हे साध्य होतं आणि धाव हे साधन. आता धावेची किंमत लाथेच्या अडीचपट आहे. शब्दाने मात्र जुनी उतरंड जपून ठेवली. म्हणून ‘ट्राय’चं भाषांतर ‘प्रयत्न’ असं करणं मला मान्य नाही. ‘त्याने तीन प्रयत्न केले’ असं छापलं तर वाचकाला तो तीनदा फसला असंच वाटेल.

ट्राय हा रग्बीच्या घरचा शब्द. पण एकाच खेळाडूने दोन, तीन, पाच ट्राय केले की इंग्रजी क्रीडालेखक जे शब्द वापरतात त्यांतला एकही रग्बीत जन्मलेला नाही. ते शिकारीतून आले, क्रिकेटमधून आले, कोळ्यांकडून आले, जुगाराच्या आणि सोडतीच्या खेळांतून आले.

दोन ट्रायना ते ‘ब्रेस’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘ब्राकियम’ म्हणजे बाहू. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘ब्रास’ म्हणजे दोन्ही पसरलेले हात. आपल्याकडे विहिरीची खोली सांगताना जुनी माणसं ‘वाव’ म्हणत, तेच हे माप. वाव म्हणजे संस्कृतातला ‘व्याम’. पसरलेल्या दोन हातांवरून हा शब्द कवटाळणाऱ्या, कसून धरणाऱ्या पट्ट्याकडे गेला. शिकाऱ्यांच्या बोलीत जोडीने येणाऱ्या कुत्र्यांना ‘ब्रेस’ म्हणू लागले, मग जोडीने मोजल्या जाणाऱ्या पक्ष्यांना, आणि अखेर एकाच खेळाडूने केलेल्या दोन गोलांना आणि ट्रायना.

तीनला ‘हॅट्ट्रिक’. हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की निवडणुकीत सलग तिसऱ्यांदा निवडून आलेला आमदारही हॅट्ट्रिक ‘साधतो’. 1858 मध्ये शेफिल्डच्या हाइड पार्क मैदानावर ऑल इंग्लंड संघाच्या एच. एच. स्टीफन्सन या गोलंदाजाने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. त्याच्यासाठी वर्गणी जमली आणि त्या पैशांतून त्याला टोपी घेऊन दिली गेली. शेला-पागोटं देऊन गुणीजनांचा मान करणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. क्रिकेटमध्ये त्या तीन बळींना ‘लागोपाठ’ची अट आहे. रग्बीने शब्द घेतला आणि अट सोडली. एका सामन्यात केव्हाही तीन ट्राय केले तरी हॅट्ट्रिक होते.

इथे एक सावधगिरी सांगतो. ‘हॅट्ट्रिक’मधलं ‘ट्रिक’ आणि आपलं ‘त्रिक’ यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो, कारण दोन्हीकडे तीन आहेत. तो संबंध नाही. ‘त्रिक’ संस्कृत ‘त्रि’पासून आला. इंग्रजी ‘ट्रिक’ आला तो फसवण्याचा अर्थ असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दापासून. फसवणूक, मग हातचलाखी, मग कसब असा त्याचा प्रवास. त्यात तीनचा अंशही नाही. ध्वनी जुळला म्हणजे नातं जुळत नाही, हा व्युत्पत्तीचा पहिला धडा आहे.

हॅट्ट्रिकला ट्रायचीच गरज असते असंही नाही. 9 एप्रिल 1960 रोजी कोलंब इथे आयर्लंडविरुद्ध फ्रान्सच्या पिएर अल्बालादेजोने तीन ड्रॉप गोल केले. चेंडू हातातून सोडायचा आणि तो जमिनीवरून उसळतानाच खांबांमधून मारायचा, तो ड्रॉप गोल. त्या दिवसापासून अल्बालादेजोला ‘मस्य ड्रॉप’, म्हणजे ड्रॉपमहाशय, म्हणू लागले. 1999 च्या विश्वचषकात पॅरिसमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या यानी द बीअरने इंग्लंडविरुद्ध तब्बल पाच ड्रॉप गोल केले आणि एकट्याने 34 गुण मिळवले. त्यात एकही ट्राय नव्हता.

तीनच्या पुढे इंग्रजीची झोळी जवळजवळ रिकामी होते. मग ‘हॉल’ हा शब्द येतो. हॉल म्हणजे ओढणं, आणि कोळी जाळं ओढून आणतो ती एका खेपेची मासळी. अशा खेपा रग्बीत मोठमोठ्या आहेत. 1887 मध्ये वेल्सविरुद्ध स्कॉटलंडच्या जॉर्ज लिंडसेने पाच ट्राय केले. तेव्हा आंतरराष्ट्रीय सामन्यांत गुणांची पद्धतच नव्हती. स्कॉटलंडचा विजय ‘4 गोल आणि 8 ट्राय’ असा नोंदला गेला. 1907 मध्ये इंग्लंडच्या डग्लस लँबर्टने पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात फ्रान्सविरुद्ध पाच ट्राय केले. त्यांचे तेव्हा 15 गुण झाले, आज 25 झाले असते. लँबर्ट 1915 मध्ये लूसच्या रणभूमीवर मारला गेला. 1994 मध्ये हाँगकाँगच्या अ‍ॅश्ली बिलिंग्टनने सिंगापूरविरुद्ध दहा ट्राय केले. 2017 च्या महिला विश्वचषकात न्यूझीलंडच्या पोर्शिया वुडमनने हाँगकाँगविरुद्ध आठ केले. आठ किंवा दहा ट्रायना वेगळं नाव माझ्या तरी ऐकण्यात नाही.

4 जून 1995 चा ब्लूमफाँटेनचा सामना या संदर्भात जरूर पाहावा. न्यूझीलंडने जपानला 145–17 असं हरवलं. मार्क एलिसने सहा ट्राय केले, म्हणजे 30 गुण. त्याच सामन्यात सायमन कलहेनने एकच ट्राय केला, पण वीस कन्व्हर्जन साधली आणि 45 गुण मिळवले. जास्त गुण कलहेनचे. तरी त्या दिवसाचा पराक्रम म्हणून एलिसचे सहा ट्राय आधी आठवतात. 1871 मध्ये लाथ मारणारा क्रॉस विजयाचा धनी होता. सव्वाशे वर्षांत मान धावणाऱ्याकडे सरकला.

आता ‘फुल हाऊस’. ट्राय, कन्व्हर्जन, पेनल्टी गोल आणि ड्रॉप गोल हे गुण मिळवण्याचे चारही मार्ग एकाच खेळाडूने एका सामन्यात वापरले की त्याने फुल हाऊस केलं असं म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द गणेशोत्सवातल्या आणि सोसायटीच्या गच्चीवरच्या तंबोल्यातून पाठ आहे: तिकिटावरचे सगळे आकडे खोडले गेले की फुल हाऊस. पोकरच्या पत्त्यांतही हा शब्द आहे. नाट्यगृहावर मात्र आपण तो उलटा करून ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लावतो. चारही प्रसंगी भाव एकच: एकही घर रिकामं उरलेलं नाही.

वेल्सच्या लुईस जोन्सला 1950 मध्ये ब्रिटिश लायन्स संघाने बदली खेळाडू म्हणून विमानाने बोलावून घेतलं. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ब्रिस्बेनच्या कसोटीत त्याने एक ट्राय, दोन कन्व्हर्जन, दोन पेनल्टी आणि एक ड्रॉप गोल केला: 16 गुण. आजच्या दराने तेच 18 झाले असते. एक गंमतीची बाब अशी की तेव्हा गुण मिळवण्याचा आणखी एक मार्ग होता, झेललेल्या चेंडूची खूण करून तिथून मारलेला गोल. तो 1977 मध्ये बंद झाला. म्हणजे जोन्सच्या काळी घराला एक खोली जास्त होती.

3 फेब्रुवारी 2007 रोजी ट्विकनहॅमवर जॉनी विल्किन्सनने स्कॉटलंडविरुद्ध फुल हाऊस केलं. 2003 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर इंग्लंडकडून त्याचा हा पहिलाच सामना. एक ट्राय, दोन कन्व्हर्जन, पाच पेनल्टी, एक ड्रॉप गोल, 27 गुण. टीव्ही पंचाने ट्राय मान्य केला, चित्रफितीत मात्र त्याचा पाय रेषेबाहेर पडलेला दिसत होता. सामना होता कलकत्ता चषकाचा. कलकत्त्यातला रग्बी क्लब मोडला तेव्हा सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवून चषक घडवला आणि 1878 मध्ये इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. त्याच्या तिन्ही कड्या नागांच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. 2024 मध्ये याच चषकासाठी एडिंबरात स्कॉटलंडच्या दुहान व्हान डर मर्वेने इंग्लंडविरुद्ध हॅट्ट्रिक केली.

पराक्रमाचे शब्द रग्बीने बाहेरून आणले याला कारण आहे. हा खेळ मुळात घोळक्याचा होता. चेंडू कोणी टेकवला याला महत्त्व नव्हतं, गोल झाला की नाही याला होतं. एकट्याचा पराक्रम मोजायची गरज नंतर आली, आणि तोवर शेजारच्या खेळांकडे शब्द तयार होते.

मराठीनेही तेच करावं. चार किंवा सहा ट्रायना चौकार-षटकार म्हणू नये; ते शब्द क्रिकेटमध्ये शोभतात, कारण तिथे चार आणि सहा हे गुणच आहेत. रग्बीत ट्रायला ट्राय, हॅट्ट्रिकला हॅट्ट्रिक आणि फुल हाऊसला फुल हाऊसच म्हणावं. वाचकाला ते कळतं. आणि जुना पराक्रम सांगताना त्या वर्षी ट्रायचे किती गुण होते तेही शेजारी लिहावं. त्याशिवाय लँबर्टचे 15 आणि एलिसचे 30 यांची तुलना खोटी ठरते.